कोड म्हणजे निदान नव्हे
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावर मोठमोठी माणसं बोलून गेली. आम्ही आपले साधे घरगुती लोक. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीनं जे शिकवलं तेवढंच सांगतो.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते आपण सगळ्यांनीच सोसलं. आमच्या गाडीच्या फक्त चाकांना पाणी लागलं. पूर ओसरल्यावर आम्ही हौसेनं बॉनेट उघडून सगळं पाइपनं धुऊन काढलं. पुढच्या आठवड्यात गाडी सिग्नलला थरथरू लागली, ओढ गेली आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. नानांना डायलिसिसला याच गाडीतून न्यायचो.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२. "इंजिन खोलावं लागेल," असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून गाडी विकायचंच घरात ठरत होतं.

तेवढ्यात शेजारचे काका आले. वडील कलाभवनात शिकलेले, स्वतःचा जन्म यंत्रांत गेलेला. म्हणाले, "हा कोड फक्त पत्ता सांगतो. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, एवढंच. का पेटत नाही, ते आपण शोधायचं."

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी दोन आणि तीन नंबरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी फिरवून आणली. आता कोड आला पी ०३०३! कॉइलबरोबर दोषही तीनवर गेला, म्हणजे कॉइलच खराब. कोड दोनवरच राहिला असता तर याच रीतीनं स्पार्क प्लग तपासायचा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. इंजिन खोलण्याची गोष्ट त्यानंतरची.

दोन नंबरच्या प्लगच्या खळग्यात पाणी साचलेलं होतं. पुराचं नव्हे, आमच्या पाइपचं! खळगा कोरडा करून नवी कॉइल बसवली, दिवा गेला. नानांची एकही फेरी चुकली नाही.

काकांनी दोन गोष्टी बजावल्या. दिवा नुसता लागला तर गाडी लवकर दाखवावी. पण लुकलुकू लागला तर बाजूला घेऊन बंद करावी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग. दुसरं, पाणी इंजिनापर्यंत चढलं असेल तर स्टार्टर मुळीच मारू नये. गाडी ओढून न्यावी.

सयाजीरावमहाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते हातानं काम करून शिकावं म्हणून. ती रीत आपल्या घरांत अजून आहे. यंत्र काय म्हणतं ते ऐकावं, पण खर्च करण्याआधी एकदा पडताळून पाहावं.

गणपती बाप्पा मोरया!