सागरसहलीस निघण्यापूर्वी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका सभासद डॉक्टरांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नर्मदेच्या काठी राहणाऱ्या माणसाने समुद्रावर बोलावे, हा थोडा आगाऊपणाच आहे. आपणां जबलपूरकरांचा जलप्रवास म्हणजे भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून होडीने मारलेली फेरी. तरीही कार्यवाहांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला, त्याला कारण आहे. गेल्या तीनचार वर्षांत रक्तदाब तपासून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता, एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "डॉक्टर, मुलं क्रूझला न्यायचं म्हणतायत. जाऊ ना?" कधी तोच प्रश्न मुलाकडून येतो : "आईला नेऊ का?" प्रश्न एका वाक्याचा असतो, उत्तर एका वाक्यात मावत नाही. दोन सागरसहली मी स्वतः केल्या आहेत. एक मुंबईहून लक्षद्वीपकडे, दुसरी सिंगापूरहून. तेवढ्या शिदोरीवर आणि माझ्या व्यवसायाच्या आधारे चार गोष्टी सांगतो.

समुद्र आपल्याला परका नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोळ कोकणातले. मुंबईहून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई, तिच्या आठवणी आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. 'बोट लागणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार तिचीच देणगी. आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने तर आनंदीबाई जोशींना विसरूच नये. पती गोपाळराव यांच्या नोकरीमुळे बंगालमध्ये राहणारी ही मुलगी १८८३ सालच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून पतीविना बोटीत बसली आणि वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेली. समुद्र ओलांडणे हे पाप मानले जाण्याचा तो काळ.

परंतु आगबोट आणि क्रूझ यांत एक मूलभूत भेद आहे. आगबोटीने माणूस कोठेतरी पोचत असे. क्रूझ पोचण्यासाठी नसतेच. बहुधा जेथून निघालो तेथेच परत यायचे असते. नौका हेच ठिकाण, नौका हेच मुक्कामाचे हॉटेल आणि नौका हेच बाहेरचे जग. महाबळेश्वरी हॉटेल आवडले नाही तर दुसरे शोधता येते, प्रकृती बिघडली तर गाडी करून पुण्यास येता येते. येथे नांगर उचलल्यानंतर यांतले काहीच आपल्या हाती राहत नाही. म्हणून जो विचार अन्य सहलीत वाटेवर केला तरी चालतो, तो येथे घरी बसूनच करावा लागतो.

प्रथम ऋतूचा विचार. २०२१ सालच्या सप्टेंबरात मुंबईहून मोठ्या नौकेच्या सहली सुरू झाल्या, तेव्हापासून आपल्याकडे या प्रकाराचा बोलबाला झाला. १९९० साली बांधलेली, दोनशे मीटरांहून लांब अशी ती नौका. एवढे मोठे धूड लाटांना दाद देत नसेल, अशी पुष्कळांची समजूत असते. नौकेच्या दोन्ही अंगांस पाण्याखाली परांसारखे पट्टे असतात, त्यांनी डुलणे पुष्कळ कमी होते हे खरे. पण अरबी समुद्र पावसाळ्यात कोणाचीच भीड ठेवत नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यातच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजच्या नौकांची त्या लहान बोटीशी तुलना नाही, मात्र ऋतूचा धडा तोच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत शांत.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी बोटही लागेल असे गृहीत धरावे. खोली निवडताना नौकेच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. सी-सॉच्या फळीचा मधला भाग जसा कमी हलतो, तसे हे आहे. वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची, सज्जाची महाग खोली घेऊन दोन दिवस डोके धरून बसलेले एक गृहस्थ मी पाहिले आहेत. मळमळ थांबवणाऱ्या गोळ्या त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायच्या असतात. परंतु काचबिंदूचे रुग्ण आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष यांनी त्या आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. त्यांपैकी बऱ्याच औषधांनी लघवी अडू शकते आणि डोळ्यातील दाब वाढू शकतो. हे दुकानदार सांगत नाही.

आता पैशाचे. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. एकट्या माणसास अनेकदा जवळजवळ दुप्पट पडते. आपल्या मंडळात एकट्या राहणाऱ्या भगिनी बऱ्याच आहेत. त्यांनी मैत्रीण जोडीला घ्यावी. त्या आकड्यावर बंदराचे शुल्क आणि कर येतात. मग रोजचे सेवाशुल्क, पेये, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट. नौकेवर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड मिळते, ते दाखवले की झाले. दिसत नाही म्हणून खर्च होत नाही असे नव्हे. शेवटच्या रात्री हिशेबाचा कागद येतो, तो वाचताना पुष्कळांच्या चेहऱ्यावरचा समुद्रवारा उतरतो. आणि मोबाइल! किनारा सोडताच तो 'विमानप्रवास' स्थितीत टाकावा. नौकेचे जाळे उपग्रहावरून चालते आणि त्याचे बिल घरी गेल्यावर येते.

सेवाशुल्काबद्दल मात्र मी थोडे निराळे बोलणार आहे. काही प्रवासी शेवटच्या दिवशी कचेरीपुढे रांग लावून ते कमी करून घेतात आणि ही चतुराई मित्रांना सांगतात. मला ते पटत नाही. आपली खोली झाडणारा, ताट वाढणारा मुलगा पुष्कळदा गोव्याचा वा कोकणातला निघतो. गोव्यात अशा दर्यावर्दींना 'तारवटी' म्हणतात आणि पिढ्यान्पिढ्या ती माणसे परदेशी नौकांवर चाकरी करीत आली आहेत. सहा ते नऊ महिने त्यांना घर दिसत नाही. घरापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आपणां मंडळवाल्यांना वेगळे सांगायला नको. सिंगापूरच्या नौकेवर एका मुलाशी मी मराठीत बोललो तेव्हा त्याने हातातला ट्रे खाली ठेवला आणि मालवणच्या पावसाची चौकशी केली. जणू मी कालच तेथून आलो होतो.

कागदपत्रे. देशांतर्गत सहलीस ओळखपत्र पुरते, परंतु लक्षद्वीपसाठी आपणां भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो. तो कोण काढणार, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे. परदेशी सहलीस पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सिंगापूरहून निघून मलेशिया वा थायलंडचे बंदर घेऊन पुन्हा सिंगापुरास यायचे तर तो दुसरा प्रवेश ठरतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तेथे कामाचा नाही. आणि येथून मुंबई रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. सकाळी मुंबईस उतरून दुपारी बॅलार्ड पियरवर चढण्याचा बेत आखणे म्हणजे गाडी वेळेवर येईल यावर सगळी सहल पणास लावणे होय. आदल्या दिवशी पोचावे. नौका थांबत नाही.

ती परतीच्या बंदरांतही थांबत नाही. किनाऱ्यावर फिरायला गेलात तर परतण्याची वेळ नौकेच्या घड्याळाप्रमाणे असते, गावच्या नव्हे. नौका निघण्यापूर्वी निदान अर्धा तास आत असावे लागते. नौकेनेच नेलेल्या सहलीस उशीर झाला तर ती बहुधा वाट पाहते. आपण स्वतः केलेल्या टॅक्सीची वाट पाहत नाही. पुढचे बंदर मग स्वखर्चाने गाठायचे.

सामान बंदरावरच ताब्यात घेतले जाते आणि खोलीत काही तासांनी येते. म्हणून औषधे, कागद आणि चष्मा हातातल्या पिशवीत. इस्त्री, पाणी तापवायची किटली, विजेची लांब वायर हे सहसा काढून घेतात. आगीचे भय समुद्रावर सर्वांत मोठे. घरी केलेले लाडू-चिवडे नेऊ देतील असे धरून चालू नये. शाकाहारी जेवण भारतातून निघणाऱ्या नौकांवर उत्तम मिळते, जैन पद्धतीचेही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी मात्र मिळेल असे नाही, फळांवर भागवावे. खोल्या लहान असतात. आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली साधारण दीडशे चौरस फुटांची. रात्री दिवा मालवला की तेथे मिट्ट काळोख होतो. रात्री उठणाऱ्या वृद्धांसाठी लहान विजेरी उशाशी ठेवावी. न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो आणि मोडलेल्या खुब्यांपैकी किती उंबरठ्यांनी मोडलेले असतात, हे मी रोज पाहतो.

पहिल्याच दिवशी संकटकाळचा सराव होतो. सात लहान आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. पुष्कळ लोक त्या वेळी चहा पीत बसतात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली. सव्वाचार हजार माणसे तीवर होती. ३२ मृत्युमुखी पडली. त्याच संध्याकाळी नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सराव दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. पूर्वी चोवीस तासांची मुभा असे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा सराव निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावा लागतो. आजींना गुडघ्यामुळे जाववत नसेल तर तसे आधी कळवावे, म्हणजे त्यांच्या मदतीला कोण येणार ते ठरते. सराव चुकवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता ज्यासाठी मला बोलावले तो प्रश्न. नौकेवर डॉक्टर असतो, परिचारिका असतात, हृदयाचा आलेख काढता येतो. परंतु ते रुग्णालय नव्हे. रुग्णास तगवून किनाऱ्यावर पोचवण्याची ती सोय आहे. शस्त्रक्रिया सहसा होत नाही, रक्तपेढी नसते. डायलिसिसवरील रुग्णाने साधी सहल धरू नये. हेलिकॉप्टरने नेण्याची वेळ आली तर तो ठरावीक अंतरापर्यंतच येऊ शकतो आणि खर्च लाखांत जातो. माझ्या सहलीत एका वृद्ध गृहस्थांना दुसऱ्या रात्री छातीत कळ आली. नौकेवरच्या डॉक्टरांनी जे करायचे ते चोख केले, पण पुढचे बंदर चौदा तासांवर होते. ते चौदा तास त्यांच्या मुलाने दवाखान्याबाहेरच्या खुर्चीवर काढले. वडिलांच्या मागील महिन्यातल्या त्रासाबद्दल घरच्यांनी अर्जात काही लिहिले नव्हते, त्यामुळे विमाही मिळाला नाही. गृहस्थ वाचले, हे सुदैव. विमा घ्यावा, त्यात रुग्णास हलवण्याचा खर्च आहे की नाही ते वाचावे आणि जुना आजार लपवू नये.

माझा नियम असा. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. नुसता मधुमेह, नुसता रक्तदाब, तोही ताब्यात असेल, तर खुशाल जा. इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय खोलीत आहे का ते आधी विचारा. गर्भवतींना चोविसावा आठवडा लागल्यावर बहुतेक कंपन्या घेत नाहीत आणि सहा महिन्यांखालील बाळासही. जेवणापूर्वी हात साबणानेच धुवावे. नौकांवर उलट्या-जुलाबांची जी साथ पसरते तिला हातावर चोळायचे औषध पुरेसे पडत नाही. बंद जागेत संसर्ग काय करतो हे २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस'वर दिसले. सुमारे ३,७०० माणसांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली. तीवर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ खलाशी व कर्मचारी.

गुडघ्यांची गोष्ट वेगळी. सर्वच बंदरांत नौका धक्क्यास लागत नाही. लक्षद्वीपची बेटे उथळ खाजणांनी वेढलेली आहेत; मोठी नौका बाहेर उभी राहते आणि लहान होडीतून बेटावर जावे लागते. मालवणच्या पडावात उतरणाऱ्या आपल्या आज्या हेच करीत. फरक एवढाच की त्या तिशीत होत्या. हलत्या होडीत पाऊल टाकताना खलाशी दोन्ही दंड धरतो, पण क्षणभर सगळा भार एका पायावर येतो. समुद्र खवळला असेल तर चाकांच्या खुर्चीवाल्यांस होडीत घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून आईला नेण्यापूर्वी तिला घरचा जिना कठडा न धरता चढायला-उतरायला सांगा. जमले तर लक्षद्वीप. न जमले तर जी नौका प्रत्येक बंदरात धक्क्याला लागते ती सहल निवडा, किंवा आई वरच्या डेकवर बसून बेट पाहील हे तिच्याशी आधी बोलून ठेवा. तीही वाईट गोष्ट नाही. पहाटे साडेपाचला त्या डेकवर कोणी नसते, आणि काळ्या पाण्याचा रंग हळूहळू निळा होताना मी तेथे एका सत्तरीच्या बाईंना शाल पांघरून तासभर बसलेले पाहिले आहे. त्या बेटावर उतरल्या नव्हत्या. विचारले तर म्हणाल्या, "उतरून काय करायचं? समुद्र तर इथेच आहे."

माझी वेळ संपली आहे. ज्यांना आपल्या औषधांच्या वेळांविषयी विचारायचे असेल (सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते), त्यांनी चहाच्या वेळी भेटावे. येताना औषधांची चिठ्ठी मात्र आणावी. "ती पांढरी गोळी" एवढ्या वर्णनावरून मला काही सांगता येत नाही.