पाळी लांबते तेव्हा


महाड-पोलादपूरच्या आयाबहिणींनो, ऐका.
आणि मुलींच्या वडिलांनो, तुम्हीही.

मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नाही.
घरात म्हणतात, "लग्न झालं की होईल सुरळीत."
तेवढ्यावर थांबू नका.

मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे.
तिथल्या डॉ. बीना जोशी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या तरुण मुली तपासल्या.
२०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

साधारण पाच मुलींत एकीला पीसीओएस, म्हणजे पाळी लांबवणारा अंडाशयाचा विकार, आढळला.
निकष कडक लावले, तरी दहांत एक.

आणि खरी दखल घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे.
यातल्या बहुतेक मुली लठ्ठ नव्हत्या.
पुन्हा सांगते, बारीक मुलीलाही पीसीओएस होतो.

होतं काय?
अंडाशयात दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडतं.
हार्मोन्सचा तोल गेला, की ते अर्ध्यावरच थांबतं.
मग पाळी लांबते.
चेहऱ्यावर मुरुमं येतात, लव वाढते.

सोनोग्राफीत बारीक बारीक पुटकुळ्या दिसतात.
त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत.
घाबरू नका.

पण दुर्लक्षही नको.
पुढे मधुमेहाचा धोका वाढतो.
मूल राहायला अडचण येऊ शकते.
उपचारांनी मात्र पुष्कळ फरक पडतो.

अभ्यास मुंबईचा आहे.
म्हणून गावात हे नसतं, असं समजू नका.

तीन महिने पाळी आली नाही, तर मुलीला ग्रामीण रुग्णालयात दाखवा.
"गणपती झाले की बघू," असं म्हणू नका.