वाळूवरच्या गाडीला नंबर कशाला?



लहानपणी आमच्या घरात एक सायकल होती. अब्बांची. दरवर्षी ते नगरपालिकेत जाऊन सायकलचा कर भरत आणि येताना पत्र्याचा एक छोटा बिल्ला घेऊन येत. त्यावर साल आणि नंबर ठोकलेला असे. तो बिल्ला तारेनं सायकलला बांधायचं काम माझं. एका वर्षी मी आळस केला, बिल्ला खिशातच राहिला, आणि नाक्यावर नगरपालिकेच्या शिपायानं सायकल अडवली. मी खिशातून बिल्ला काढून दाखवला. तो म्हणाला, "खिशातला बिल्ला मला कसा दिसणार? सायकलला बांध." त्या वेळी मला त्याचा राग आला होता. पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय की त्याचं म्हणणं बरोबर होतं. नंबर आपल्यासाठी नसतोच, तो समोरच्याला दिसावा म्हणून असतो.

हे आठवायचं कारण आमच्या गावच्या पुळणीवर घडलं. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर आता चार फुगीर चाकांच्या गाड्या धावतात. एटीव्ही म्हणतात त्यांना. वाळूत, चिखलात, खडकाळ जागेत चालण्यासाठी केलेली ही गाडी. पर्यटक पैसे देतात, एक फेरी मारतात, फोटो काढतात. आमच्या शेजारच्या मावशी ओहोटीला वाळूत बसून तिसऱ्या काढत होत्या. पाठ समुद्राकडे, डोकं खाली. मागून एक गाडी आली. चालवणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. ब्रेक दाबायच्या ऐवजी त्यानं बहुतेक वेग वाढवला. मावशींच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. लोक मावशींकडे धावले, तेवढ्यात मुलगा गाडी टाकून आपल्या माणसांत मिसळला आणि गाडीही कुणीतरी तिथून हलवली.

मी तिथून पन्नास पावलांवर होतो. पोलीस ठाण्यात मला विचारलं, "गाडीचा नंबर?" मी कविता लिहिणारा माणूस. मला त्या मुलाच्या शर्टावरचे पट्टे आठवत होते, गाडीचा लाल रंग आठवत होता, मावशींची उपडी झालेली पाटीही आठवत होती. नंबर मात्र आठवेना, कारण तो नव्हताच. त्या संध्याकाळी पुळणीवर तशाच लाल रंगाच्या चार गाड्या होत्या. चारही मालक म्हणाले, माझी नव्हे.

आता गंमत पाहा. याच किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार होडीवर मोठ्या अक्षरांत नोंदणीचा नंबर रंगवलेला असतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तर त्याबाबत फारच काटेकोरपणा आला. गावातल्या स्कूटरला नंबर आहे, रिक्षाला आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती सरकारी पाटी बसूनच येते. ॲल्युमिनियमची, चक्राची चकाकती खूण असलेली, काढू गेलं तर मोडणाऱ्या कड्यांनी बसवलेली. जुन्या गाड्यांना ती बसवून घेण्यासाठी २०२५ साली महाराष्ट्रात किती धावपळ झाली, ते आपण सगळ्यांनी अनुभवलं. नियमांत अक्षरांची उंचीसुद्धा ठरलेली आहे. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवरचे आकडे ४० मिलिमीटर, मोटारीचे ६५ मिलिमीटर. कुणी ४१४१ वाकवून 'दादा' लिहिलं तर पोलीस दंड करतात. आणि ही शेकडो किलो वजनाची गाडी, माणसाच्या अंगावर जाऊ शकणारी, तिला मात्र कपाळच नाही!

हे असं का, म्हणून मी थोडी चौकशी केली. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या व्याख्येत मोटार वाहन म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगं, यांत्रिक शक्तीवर चालणारं वाहन. एटीव्हीवाले इथं बोट ठेवतात. आमची गाडी रस्त्यासाठी बनलेलीच नाही, मग नोंदणी कसली? पण त्याच कायद्याचं एकोणचाळीसावं कलम सांगतं, की नोंदणी केल्याशिवाय आणि नंबर लावल्याशिवाय मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी किंवा 'अन्य कोणत्याही ठिकाणी' चालवता येणार नाही. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे, जिथं लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा. समुद्रकिनाऱ्यापेक्षा अधिक सार्वजनिक जागा कोणती? म्हणजे एक कलम दार उघडं ठेवतं, दुसरं बंद करतं आणि मधल्या फटीतून गाडी निघून जाते.

या फटीची किंमत काय, तेही सांगतो. गाडी सापडली, तिचा विमा असला, तर जखमी माणूस अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. त्याची कमाई किती होती, किती बुडाली, औषधपाणी किती झालं, याचा हिशेब होतो. गाडी सापडलीच नाही तर सरकारची वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिची रक्कम अशी आहे: मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर दुखापत असेल तर पन्नास हजार. कमाई कितीही बुडो, आकडा तोच. मावशींसाठी आम्ही तो अर्ज केला आहे. अर्जात एक रकाना आहे, वाहनाविषयी. तिथं काय लिहायचं, यावर आम्ही बराच वेळ बसून होतो.

माझा भाचा काही वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात होता. तिथं अशा गाड्या घरोघरी. शेतावर, जंगलाच्या वाटांवर, बर्फातसुद्धा लोक त्या चालवतात. मी त्याला फोनवर विचारलं, तिकडे काय करतात? तो म्हणाला, "मामू, इथं नोंदणी करावीच लागते. दोन्ही बाजूंना नोंदणीचं स्टिकर आणि मागे नंबराची पाटी. आणि ती पाटी सरकार देत नाही, मालकानंच करायची." पाटी किमान चार इंच उंच आणि साडेसात इंच रुंद. पांढऱ्यावर काळे आकडे, दीड इंचापेक्षा लहान नकोत. पाटी टणक हवी आणि पक्की बसवलेली हवी. मला ते फार आवडलं. सरकार फक्त नंबर देतं, तो लोकांना दिसेल असा लावणं ही मालकाची जबाबदारी. आमच्या नाक्यावरच्या शिपायाचंच तत्त्व की हे!

त्याच देशात नॉर्थ कॅरोलायनाला केप हॅटरस नावाचा किनारा आहे. तिथं २०१२ पासून वाळूवर गाडी न्यायची तर परवाना घ्यावा लागतो आणि तो गाडीत दिसेल असा ठेवावा लागतो. वेग ताशी पंधरा मैल, म्हणजे साधारण चोवीस किलोमीटर. कासवांच्या विणीच्या महिन्यांत रात्री गाड्या बंद. कासवं तर आपल्याकडेही येतात. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. टायरच्या चाकोरीत अडकलेलं तळहाताएवढं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. म्हणजे नंबर माणसांसाठी आहेच, ज्यांना नंबर वाचता येत नाही त्यांच्यासाठीही आहे.

मी या गाड्यांचा वैरी नाही, हे मात्र सांगायला हवं. मालक आमचीच पोरं आहेत. त्यातला एक माझ्या वर्गमित्राचा मुलगा. त्याला मी म्हटलं, "अरे बाळा, नंबर लाव की गाडीला." तो म्हणाला, "चाचा, आमच्या गाडीचं पासिंगच होत नाही. नंबर आणू कुठून? पावसाचे चार महिने गाडी ताडपत्रीखाली, हप्ता मात्र बाराही महिने." त्याचंही खोटं नाही. बंदी घातली तर त्याच्या घरची चूल विझेल, आणि मोकळं सोडलं तर मावशींची विझतेच आहे. या दोघांच्या मध्ये कुठंतरी एक साधी पाटी हवी. ग्रामपंचायतीनं, परिवहन खात्यानं एकत्र बसून किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी नोंदणी, विमा आणि ठरलेला पट्टा असं काही केलं तर दोन्ही घरं जगतील.

चार दिवसांनी तो पोरगा होड्या रंगवणाऱ्या पेंटरकडे गेला. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगात मोठा '१' काढून घेतला आणि गाडीच्या मागे बोल्टनं पक्का केला. बाकीचे तिघं आधी हसले. मग '२' कुणाचा आणि '३' कुणाचा, यावरून त्यांचं भांडण झालं. आता चारही गाड्यांना आकडे आहेत. मला माहीत आहे, ही सरकारी नोंदणी नव्हे. यावर विमा मिळत नाही, कायद्यात तो नंबर धरला जाणार नाही. पण परवा एक गाडी पोरांच्या क्रिकेटमधून भरधाव गेली तेव्हा एक लहान मुलगी ओरडली, "तीन नंबर! तीन नंबर!" आणि तीन नंबरचा मालक भाडं सोडून धावत आला.

मावशींचा पाय सांधला आहे, पण त्यांना अजून उकिडवं बसता येत नाही. ओहोटीला त्या बांधावर येऊन बसतात आणि गाड्या मोजतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण एक ते चार आकडे त्यांनी आता ओळखीचे करून घेतले आहेत.