जिवाचा हिशेब मागा



2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशी झाली, मदत जाहीर झाली. पण गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या दिवशी डॉक्टर होता का, विषबाधेवरचे अ‍ॅट्रोपीन होते का, हे कोण विचारणार?

विचारण्याची सोय आहे. महालेखापरीक्षक आरोग्य खात्याचे दप्तर तपासतात. अहवाल विधिमंडळापुढे येतो. लोकलेखा समिती खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावते. संसदेतही अशीच 22 खासदारांची समिती आहे. 1967 पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा, असा प्रघात आहे. तरी समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. मागे रेटा नसला की अहवाल कपाटात जातो.

तो रेटा आपला. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांत अर्ज होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. फवारणी सुरू होण्याआधी आपल्या केंद्रातली मंजूर पदे, भरलेली पदे आणि औषधांचा साठा लेखी मागा. तो कागद आमदाराच्या हाती द्या, तारांकित प्रश्न टाकायला लावा.

कापसाच्या मापात काटा मारला तर आपण भांडतो. इथे तर जिवाचे माप आहे.