उशिराची भरपाई आणि तिच्यावरचा कर

(प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा संक्षेप)



जमीन गेल्याचे दुःख महाराष्ट्राला नवे नाही. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. पुढे कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली. नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि त्यांच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात गोळीबाराला पाच जण बळी पडले. या लढ्यांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु लढा संपल्यावर, न्यायालयाचा निकाल लागल्यावर आणि पैसा हातात आल्यावर शेतकऱ्याची गाठ आणखी एका खात्याशी पडते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ते खाते म्हणजे प्राप्तिकर खाते.

प्रश्न समजून घेण्यासाठी प्रथम मोबदल्याची वाट पाहिली पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकार जमिनीचा ताबा घेई आणि अधिकारी निवाडा जाहीर करी. तो मोबदला अपुरा वाटल्यास शेतकऱ्याने कलम १८ खाली दिवाणी न्यायालयात दाद मागावयाची. तेथून उच्च न्यायालय, आणि सरकार हट्टाला पेटले तर सर्वोच्च न्यायालय. या प्रवासात दहा-वीस वर्षे सहज निघून जात. मूळ अर्जदार वारला आणि वारसांची नावे लावून खटला पुढे चालला, असे प्रसंग गावोगाव आढळतील. हा उशीर भरून निघावा म्हणून कलम २८ मध्ये व्याजाची तरतूद होती. १९८४ च्या दुरुस्तीनंतर वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के असा हा दर ठरला.

येथेच मूलभूत प्रश्न उभा राहतो. हे व्याज म्हणजे उत्पन्न की मोबदल्याचाच भाग? सावकार किंवा ठेवीदार स्वतःच्या इच्छेने पैसा गुंतवितो आणि त्यावर व्याज कमावतो. शेतकऱ्याने सरकारला कर्ज देण्याची इच्छा कधीच दर्शविलेली नव्हती. त्याची जमीन घेतली गेली, तिची पुरी किंमत दिली गेली नाही आणि ती थकलेली किंमत पुढे न्यायालयाने वसूल करून दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घनश्याम यांच्या खटल्यात नेमका हाच भेद ओळखला. कलम २८ खालील व्याज हे मोबदल्याच्या वाढीचेच अंग आहे, तर कलम ३४ खालील व्याज हे केवळ रक्कम देण्यातील विलंबाबद्दलचे आहे, असा तो निर्वाळा होता.

परंतु त्याच वर्षी संसदेने वित्त कायद्याद्वारे प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती केली. १ एप्रिल २०१० पासून मोबदल्यावरील अथवा वाढीव मोबदल्यावरील व्याज, ते ज्या वर्षी हातात पडेल त्या वर्षाचे 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' ठरले. त्यातून ५० टक्के वजावट मिळते, मात्र तिच्याखेरीज दुसरी कोणतीही वजावट मिळत नाही. वीस वर्षे वकिलाला दिलेली फी आणि तालुक्याच्या कचेरीत घातलेले हेलपाटे त्या निम्म्यातच जिरवावयाचे. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने घ्यावी असे ठरले, तेव्हाही ही तरतूद सारांशाने तशीच नव्या कायद्यात उतरविण्यात आली.

सरकारची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. १९९० च्या रमाबाई खटल्यातील निकालाप्रमाणे हे व्याज वर्षावर्षाला उपार्जित होते असे मानले जाई. त्यामुळे जुन्या वर्षांच्या करआकारण्या पुन्हा उघडण्याचा त्रास होई. तो त्रास टाळावा, हा दुरुस्तीचा घोषित हेतू होता. परंतु एक त्रास टाळताना दुसरा अन्याय पदरात पडला. शिवाय २०१० नंतरच्या कलम २८ च्या व्याजाबद्दल उच्च न्यायालयांतही एकवाक्यता राहिली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१६ साली ते मोबदल्याचाच भाग मानले, तर पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२० साली ते करपात्र ठरविले.

एक हिशेब मांडून पाहावा. समजा, एप्रिल १९९९ मध्ये जमिनीचा ताबा गेला आणि एप्रिल २०१९ मध्ये वाढीव ४ लाख रुपये मंजूर होऊन मिळाले. पहिल्या वर्षाचे व्याज ३६ हजार आणि पुढील १९ वर्षांचे प्रत्येकी ६० हजार, म्हणजे एकूण ११ लाख ७६ हजार. ही रक्कम त्या त्या वर्षात विभागली, तर शेतीखेरीज अन्य उत्पन्न नसलेला हा माणूस पहिली काही वर्षे वगळता कराच्या मर्यादेला शिवतही नाही. २००५ पर्यंत ती मर्यादा ५० हजार होती, पुढे ती १ लाख आणि २०१४-१५ पासून अडीच लाख झाली. परंतु सारी रक्कम एकाच वर्षाची धरली की निम्म्या वजावटीनंतरही ५ लाख ८८ हजार करपात्र राहतात. साठीच्या आतील माणसाला त्यावर उपकरासह ३१,३०४ रुपये कर द्यावा लागतो. ज्याचे उत्पन्न वस्तुतः बहुतेक वर्षी करपात्र नव्हते, त्याला सरकारच्या दिरंगाईने एका वर्षापुरते श्रीमंत ठरविले!

याहून बोचणारी गोष्ट अशी की, पगारदाराला थकबाकी एकदम मिळाली तर ती मागील वर्षांत विभागून सवलत घेण्याची सोय कायद्यात कलम ८९ ने केलेली होती. ती योग्यच होती. मग थकलेल्या वेतनाला जो न्याय, तो थकलेल्या मोबदल्याला का नाही?

शिवाय कर कापला जातो तो निम्म्यावर नव्हे, पूर्ण व्याजावर. वरील उदाहरणात दहा टक्क्यांनी १,१७,६०० रुपये प्रथमच कापले जातात. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर वीस टक्क्यांनी २,३५,२००. जादा कापलेले पैसे परत हवेत तर विवरणपत्र भरावे लागते, आणि ज्याने आयुष्यात सातबाऱ्यापलीकडे कागद पाहिला नाही त्याने ते मुदतीत भरावयाचे असते. परतावा मिळालाच तर त्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते आणि त्या व्याजावरही कर आकारते. उलट नागरिकाने कर भरण्यास उशीर केला, तर त्याच्याकडून दरमहा एक टक्का घेतला जातो. उशीर एकच, पण सरकारच्या उशिराची किंमत नागरिकाच्या उशिराच्या निम्मी!

समाजवादी विचार करविरोधी नाही. कराशिवाय शाळा, दवाखाने आणि रोजगार हमी उभी राहू शकत नाही. शहरालगतच्या बड्या जमीनदाराला मिळालेले कोट्यवधी रुपये सरसकट करमुक्त करावेत, अशी मागणी कोणी प्रामाणिकपणे करणार नाही. परंतु कर हा ऐपतीवर असावा, आपत्तीवर नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ ने त्या कायद्याखालील निवाड्यांना प्राप्तिकरातून सूट दिली. मोटार अपघाताच्या भरपाईवरील व्याजाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दावा दाखल झाल्यापासून निवाड्यापर्यंतचे व्याज करपात्र नाही असे ठरविले, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात अपघातग्रस्त व्यक्तींचे असे व्याज करमुक्त करण्याचा प्रस्ताव आला. अपघातात हात गमावलेल्याला जो न्याय शासनाला पटला, तो प्रकल्पात जमीन गमावलेल्याला का पटू नये?

म्हणून मागण्या तीनच आहेत. जुन्या कायद्याखालील वाढीव मोबदल्याचे व्याज मागील वर्षांत विभागण्याचा पर्याय द्यावा. करकपात पूर्ण व्याजावर न करता करपात्र निम्म्यावरच करावी. आणि लहान व सीमांत शेतकऱ्याचे व्याज एका वाजवी मर्यादेपर्यंत करमुक्त करावे.

तोवर प्रत्येकाने निकालाची प्रत जपावी, कलम २८ आणि कलम ३४ चे व्याज वेगवेगळे दाखवून घ्यावे, पॅन क्रमांक वेळेत द्यावा आणि विवरणपत्र मुदतीत भरावे. जे जादा कापले गेले ते परत मागणे ही याचना नव्हे. जमिनीच्या रास्त किमतीसाठी जो वीस वर्षे लढला, त्याच्या लढ्याचा तो शेवटचा टप्पा आहे आणि तो त्याने एकट्याने लढावा, अशी पाळी संघटनेने येऊ देता कामा नये.