खाऱ्या पाण्याची काचपेटी

शाळेत समुद्रातले मासे ठेवावेत अशी हौस अनेक गुरुजींना असते. पण आठ दिवसांत मासे मरतात आणि पेटी अडगळीत जाते. दोष माशांचा नाही, घाईचा आहे.

माशाच्या कल्ल्यांतून आणि उरल्या खाद्यातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. या जंतूंची वस्ती वाळूत, दगडांवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाका, मासा नको. जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू मिळाली, तर ती विरजणासारखी कामी येते.

मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचे नव्हे, सागरी क्षारांचे मिश्रण. पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून घट गोड्या पाण्यानेच भरा.

शंभर लिटरांच्या पेटीत आधी शेवाळ खाणारे दोन-चार शंख सोडा, मग एक-दोन क्लाउन मासे. तेही पैदास केलेले घ्या. नवा जीव आणायचा तो दोन-तीन आठवड्यांनी, पाणी तपासून.

एक सांगायचे राहिलेच. किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रघोडा उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

रिकामी पेटी महिनाभर पाहत धीर धरणे, हाही मुलांना एक धडाच आहे.