मनाचा आजार आणि जोखमींची बेरीज



ही परिषद शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीत भरते आहे. मानसिक आरोग्याची परिषद खेड्यात कशाला, असे काहींनी विचारले. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली जुनी मनोरुग्णालये सातपुड्याच्या पायथ्यापासून लांब आहेत, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. आजाराचे निदान दवाखान्यात होते, पण त्याची पायाभरणी घरात, शेतात आणि ऊसतोडीच्या झोपडीत होत असते.

‘घराण्यातच आहे’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच. तरीही हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता फार तर निम्म्याच्या आसपास जाते. रक्त तेच असूनही बाकीचे वाचतात, म्हणजे जन्मानंतरच्या आयुष्यालाही इथे जागा आहे. गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, हे त्यामागचे जोखमीचे घटक होते. यातला एकही घटक रक्तातून येत नाही. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारे घर आपणच घडवतो, हे मला फार बोचते.

मग सगळेच गरीब आजारी का पडत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा पाठपुरावा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशके केला. गरिबी, घरातली भांडणे, आईबापांचा आजार असे चार किंवा अधिक घटक ज्यांच्या वाट्याला आले, त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश मुले तरीही सक्षम झाली. त्यांच्यापाशी विश्वासाचे एखादे तरी मोठे माणूस होते. म्हणजे जोखीम शक्यता वाढवते, निकाल देत नाही. आधार ती कमीही करतो.

आता आपल्याकडे पाहा. दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबे गुजरातेत तोडीला जातात. मुलाची शाळा सुटते, ओळखीची माणसे सुटतात, कर्ज सोबत जाते. एकेक ओझे पेलवेल, पण सारी एकाच वेळी अंगावर येतात. त्यात एखादी बाई भ्रमिष्टासारखी बोलू लागली आणि गावाने तिला डाकीण ठरवले, की आजारावर बहिष्काराची भर पडते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा ठरवली आहे. तिच्याशेजारी बसायला मात्र माणूसच लागतो.

पाड्यापाड्यांवरून आलेल्या आशाताई, पुढचे दोन दिवस तुम्ही बोला, तज्ज्ञ ऐकतील. आणि 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक परत जाताना प्रत्येक पाड्यावर सांगा.